मार्सियाकच्या शाळेतील जॅझ

फ्रान्सच्या नैऋत्य कोपऱ्यात, पिरेनीज पर्वत आणि तुलूझ शहर यांच्या मधल्या टेकड्यांच्या प्रदेशात जेर्स नावाचा जिल्हा आहे. मका, सूर्यफूल, लसूण, बदके आणि आर्मान्याक नावाची द्राक्षांची ब्रँडी ही त्याची ओळख. या जिल्ह्याच्या पश्चिम भागात सुमारे बाराशे वस्तीचे मार्सियाक हे बाजाराचे गाव आहे. १२९८ मध्ये राजाच्या एका अधिकाऱ्याने आखून वसवलेल्या या गावाचे रस्ते आजही काटकोनात एकमेकांना छेदतात, मधोमध प्रशस्त चौक आहे आणि चौकाच्या कडेने दगडी व लाकडी खांबांचे ओटे आहेत, ज्यांच्या सावलीत दुकाने लागतात. चर्चचा निमुळता मनोरा सुमारे ९० मीटर उंच असल्याने गाव दुरूनच ओळखू येते. आठवडी बाजार बुधवारी सकाळी भरतो. गावाला रेल्वे स्थानक नाही. कोणत्याही मोठ्या शहराच्या वाटेवर ते सहज लागत नाही. तेथे मुद्दाम जावे लागते.

अशा गावात १९७८ पासून दर उन्हाळ्यात जॅझ संगीताचा महोत्सव भरतो. एवढ्याशा पसाऱ्याने सुरू झालेला हा उपक्रम आता जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत दोन आठवड्यांहून अधिक काळ चालतो, आणि युरोपातील महत्त्वाच्या जॅझ महोत्सवांत त्याची गणना होते. तुलूझला राहायला आल्यावर मी प्रथम त्याच्याविषयी ऐकले तेव्हा मला वाटले होते की एखाद्या धनाढ्य रसिकाने किंवा सरकारी पर्यटन खात्याने हे गाव शोधून काढून तेथे महोत्सव नेऊन ठेवला असेल. प्रत्यक्षात गावातल्या युवक आणि लोकशिक्षण मंडळातील काही हौशी मंडळींनी तो सुरू केला. फ्रान्समध्ये १९०१ च्या कायद्यानुसार सामान्य नागरिक एकत्र येऊन नफा न मिळवणारी संस्था स्थापन करू शकतात. क्रिकेटच्या जागी रग्बी धरली तर आपल्याकडील गावोगावच्या क्रीडा मंडळांसारखीच ही मंडळे असतात. या मंडळींचे पुढारपण करणारे जाँ-लुई गियोमों हे इंग्रजीचे शिक्षक होते. पुढे ते गावच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि १९९५ मध्ये गावाचे महापौरही. एकाच माणसाच्या हाती महोत्सव, शाळा आणि नगरपालिका येणे ही गोष्ट सर्वत्र चांगली ठरतेच असे नाही, पण मार्सियाकमध्ये या तीन गोष्टी एकमेकींत ज्या रीतीने गुंतल्या ते समजून घेतल्याशिवाय या महोत्सवाचे टिकणे समजत नाही.

पहिल्या महोत्सवाला दोन वादकांचा आधार होता, आणि पुढे दोघेही संस्थेचे मानद अध्यक्ष झाले. एक होते गी लाफित, नैऋत्य फ्रान्सच्याच मातीतले टेनर सॅक्सोफोनवादक. दुसरे बिल कोलमन, अमेरिकेतील केंटकी राज्यात पॅरिस नावाच्या गावाजवळ १९०४ मध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय ट्रंपेटवादक. कोलमन यांचे वादन मी ध्वनिमुद्रणांतूनच ऐकले आहे. त्यांचा स्वर हलका, स्वच्छ आणि अतिशय सभ्य आहे. वरच्या सप्तकात जातानाही तो ओरडत नाही, आणि लय कितीही चढली तरी वाक्य पूर्ण केल्याशिवाय ते श्वास घेत नाहीत असे वाटत राहते. १९३० च्या दशकात ते युरोपात आले, जँगो राइनहार्ट यांच्यासारख्या गिटारवादकाबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रणे केली, महायुद्धाच्या काळात अमेरिकेला परतले, आणि १९४८ मध्ये कायमचे फ्रान्सला आले. त्यांच्या स्वतःच्या देशात कृष्णवर्णीयांना ज्या भेदभावाला रोज तोंड द्यावे लागे तो या निर्णयामागे होता. १९८१ मध्ये तुलूझ येथे त्यांचे निधन झाले.

कोलमन यांच्या चरित्रातील एका नोंदीपाशी मी बराच काळ थांबले. १९३६-३७ च्या हंगामात ते मुंबईत होते. लिऑन अ‍ॅबी या व्हायोलिनवादकाने कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला होता आणि कोलमन त्यात ट्रंपेट वाजवीत होते. अपोलो बंदरासमोरच्या त्या नृत्यगृहात ज्यांचे सूर घुमले, त्यांनीच चार दशकांनंतर गास्कोनीतल्या, म्हणजे नैऋत्य फ्रान्सच्या या जुन्या प्रांतातल्या, एका शेतकरी गावाच्या पहिल्या जॅझ महोत्सवाला आधार द्यावा, हा योगायोग मला साधा वाटत नाही. मुंबई आणि मार्सियाक या दोन्ही ठिकाणी जॅझ बाहेरून आला. दोन्ही ठिकाणी तो आणणारे काही वादक तर अक्षरशः तेच होते. मग एका ठिकाणी तो गावाच्या अंगवळणी पडला आणि दुसऱ्या ठिकाणी, एवढी मोठी गुणवत्ता असूनही, तो विरत का गेला, हा प्रश्न त्या नोंदीनंतर माझ्या मनातून गेला नाही.

मुंबईत गुणवत्ता नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. अ‍ॅबी यांच्यानंतर क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड यांनी ताजमधील ही परंपरा पुढे चालवली. वेदरफोर्ड तर भारतातच राहिले आणि १९४५ मध्ये कोलकात्यात वारले. या वादकांच्या सान्निध्यात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट या नावाने ओळखत असे, ट्रंपेटवर इतके प्रभुत्व मिळवून होते की त्यांची तुलना लुई आर्मस्ट्राँग यांच्याशी होई. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी आपल्या चित्रपटसंगीतात जो झोकदार पाश्चात्त्य ताल आणला, त्यामागे चिक चॉकलेट यांचा हात होता. आपल्या आजी-आजोबांनी रेडिओवर जी गाणी आवडीने ऐकली त्यांच्या वाद्यमेळात जॅझचा अंश होता, आणि तो तेथे आणणारे लोक धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे एकेका गोमंतकीय गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेल्या सामायिक खोल्यांमध्ये, राहत होते.

पण हे वादक तयार कोठे झाले? ताजच्या नृत्यगृहात नव्हे. तेथे पोहोचेपर्यंत त्यांना स्वरलेखन डोळ्यांसमोर धरून सहज वाजवता येत होते, आणि ते त्यांना गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी शिकवले होते. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या या शाळांमध्ये मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवले जाई. उद्देश चर्चमधील गायन-वादनाचा होता, पण त्यातून पिढ्यान्‌पिढ्या असे लोक बाहेर पडत राहिले ज्यांना कोणतेही पाश्चात्त्य संगीत समोर ठेवले तरी वाचता येई. शेतकऱ्याचा आणि खलाशाचा मुलगा बाखचे स्वर वाचायला शिकतो आणि पुढे तेच वाचन घेऊन मुंबईच्या नृत्यगृहात, सर्कशीत, मूकपटांच्या चित्रगृहात किंवा ध्वनिमुद्रण स्टुडिओत पोट भरतो, ही गोष्ट आपल्या संगीताच्या इतिहासात जितक्या ठळकपणे सांगितली जायला हवी तितकी सांगितली गेलेली नाही. मुंबईच्या जॅझचे खरे मूळ त्या गावच्या शाळांत होते असे माझे मत आहे. अमेरिकन वादकांनी ठिणगी दिली. इंधन गोव्याच्या साळशेत आणि बार्देस तालुक्यांमध्ये शतकांपासून साठत आलेले होते.

हे मनात असल्यामुळे मार्सियाकला मी जेव्हा गेले तेव्हा व्यासपीठापेक्षा त्याच्या मागच्या बाजूला माझे लक्ष अधिक जात राहिले.

महोत्सवाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही परस्परांवर अवलंबून आहेत. गावच्या रग्बीच्या मैदानावर सुमारे ६,००० आसनांचा प्रचंड मांडव उभा राहतो, ज्यात रात्री नऊच्या सुमारास तिकिटाचे कार्यक्रम सुरू होतात आणि बहुधा एका रात्री दोन वाद्यवृंद वाजवतात. गावची लोकसंख्या आणि मांडवातील आसने यांचे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे हे काम केवढे आहे याची कल्पना येते. दुसरा भाग चौकात भरतो आणि तो सर्वांसाठी खुला असतो. सकाळी उशिरापासून संध्याकाळपर्यंत तेथील मंचावर एकामागून एक गट वाजवत राहतात. त्यात नावारूपाला येऊ पाहणारे तरुण असतात, प्रांतातील जाणते पण फारसे प्रसिद्ध नसलेले वादक असतात, आणि हौशी मंडळीही असतात. समोर बाकांवर मिळेल तेथे बसायचे. ऊन वाढले की ओट्यांच्या सावलीत सरकायचे. लसणाच्या माळा, बदकाच्या मांसाचे डबे, खरबुजे आणि पापुद्र्यांची सफरचंदाची क्रुस्ताद यांच्या पलीकडून सॅक्सोफोनचा स्वर येत असतो आणि गिऱ्हाईक व विक्रेता दोघेही बोलता बोलता तालावर मान हलवीत असतात.

बुधवारच्या बाजारात लसूण विकणाऱ्या एका वयस्कर बाईंशी माझे बोलणे झाले. मी परदेशी आहे हे ओळखून त्या मला अतिशय अदबीने ‘मादाम’ म्हणत सावकाश फ्रेंच बोलत होत्या. तुम्हाला जॅझ आवडतो का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की सगळा आवडत नाही, जुन्या पद्धतीचा आवडतो, आणि त्याहूनही अकॉर्डियन अधिक आवडते. तरीही महोत्सवाच्या काळात त्या रोज संध्याकाळी स्वयंसेवकांच्या स्वयंपाकघरात काम करतात. कारण विचारले तर म्हणाल्या, “लांबून माणसे येतात, मादाम. त्यांना जेवायला नको का?” मला या उत्तरात महोत्सवाचा सगळा पाया दिसला. वादकांना विमानतळावरून आणणे, मांडवात खुर्च्या लावणे आणि रात्री दीडनंतर त्या पुन्हा रचणे, प्रवेशद्वारावर तिकिटे पाहणे, शेतांत वाहने लावून देणे, स्वयंपाक करणे, ही कामे शेकडो स्वयंसेवक करतात. त्यांपैकी अनेकांचे जॅझविषयीचे प्रेम काम करता करता निर्माण झाले असावे, आणि काहींचे कदाचित झालेच नसेल. संगीताची सेवा करण्यासाठी त्याचे मर्म आधी कळलेच पाहिजे, ही अट या गावाने कोणाला घातली नाही, आणि मला वाटते त्यामुळेच ते काम कधी मूठभर जाणकारांच्या हाती अडकून राहिले नाही.

तरीही केवळ स्वयंसेवकांच्या बळावर महोत्सव पन्नास वर्षांच्या जवळ पोहोचत नाही. स्वयंसेवक म्हातारे होतात. उत्साह ओसरतो. पहिल्या पिढीने जे कौतुकाने केले ते दुसऱ्या पिढीला ओझे वाटू लागते. मार्सियाकच्या बाबतीत ही वेळ आली त्याच सुमारास दुसरे एक संकट गावावर आले होते, आणि आश्चर्य म्हणजे एकाने दुसऱ्याला वाचवले.

फ्रान्समधील ग्रामीण भागांप्रमाणे जेर्समधूनही तरुण कुटुंबे शहरांकडे जात होती. गावच्या माध्यमिक शाळेत, म्हणजे अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘कोलेज’मध्ये, पट कमी होत चालला होता आणि शाळा बंद होण्याची भीती निर्माण झाली होती. शाळा बंद पडणे म्हणजे गावाचे काय होते हे महाराष्ट्रातील कोणत्याही कमी पटाच्या शाळेच्या गावाला सांगावे लागणार नाही. शिक्षक जातात, मुले दूरच्या गावी जाऊ लागतात, आईवडील त्यांच्यामागे जातात, आणि मग किराणा दुकान व टपाल कचेरी यांचीही पाळी येते. १९९३ मध्ये या शाळेत जॅझ संगीताचे वर्ग सुरू झाले. शाळा सरकारी होती आणि सरकारीच राहिली. गणित, इतिहास, विज्ञान हा नेहमीचा अभ्यासक्रमही कायम राहिला. मात्र ज्या मुलांनी जॅझ निवडला त्यांना आठवड्याच्या वेळापत्रकातच वाद्य, समूहवादन आणि उपज, म्हणजे वाजवता वाजवता आयत्या वेळी नवे सुचवून घेणे, यांचे तास मिळू लागले. दुसऱ्या भागांतून मुले येऊ लागली. कुटुंबे आपल्या मुलांना मुद्दाम या आडगावी पाठवू लागली. शाळा वाचली. आज त्या शाळेला अरेथा फ्रँकलिन यांचे नाव आहे. गास्कोनीतल्या शेतकऱ्यांच्या मुलांची सरकारी शाळा एका कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेच्या नावाने ओळखली जाते, ही गोष्ट बिल कोलमन यांना कळली असती तर त्यांना काय वाटले असते, असा विचार माझ्या मनात येतो.

उपज शिकवता येते का, हा प्रश्न आपल्या रागसंगीताच्या श्रोत्यांना नवा नाही. मी लहानपणापासून ज्या घरात वाढले तेथे ख्याल ऐकला जाई, आणि उपज ही गुरूच्या सहवासात, वर्षानुवर्षे ऐकून, हळूहळू अंगात मुरते असे आम्ही धरून चालत होतो. मार्सियाकच्या चौकातील मंचावर शाळेच्या मुलांचा वाद्यवृंद ऐकला तेव्हा या समजुतीला मला थोडी मुरड घालावी लागली. वादन परिपूर्ण नव्हते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे ते असूही नये. पण एका मुलीने ट्रॉम्बोनवर आपल्या वाट्याची आवर्तने घेताना मध्येच थांबून, मागच्या मुलाच्या ड्रम्सवरील आघाताला उत्तर दिले, आणि त्या मुलाने ते ओळखून पुढचा आघात बदलला. पाठ केलेल्या वादनात हे घडत नाही. त्या दोघांना परस्परांचे ऐकायला शिकवले गेले होते. शिक्षक काय देऊ शकतो याचे मला मिळालेले ते सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे: कल्पना देता येत नाही, पण कल्पना आल्यावर ती कोणाच्या आधारावर टाकायची आणि दुसऱ्याची कशी झेलायची, याची सवय लावता येते. गुरुकुलात जे वर्षे घेते त्याची जागा हे वर्ग घेऊ शकत नाहीत आणि त्यांचा तसा दावाही नसावा. पण ज्याच्या घरात संगीत नाही अशा मुलाला ते दार उघडून देतात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी नेमके हेच केले होते.

याच ठिकाणी मला १९७८ हे वर्ष पुन्हा आठवते. मार्सियाकचा पहिला महोत्सव भरला त्याच वर्षी, काही महिने आधी, मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली होती. निरंजन झवेरी आणि त्यांच्या ‘जॅझ इंडिया’ संस्थेने तिचा घाट घातला होता. पहिल्याच वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आले. रोलिन्स यांचे मुंबईशी जुने नाते होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते पवईच्या आश्रमात योगाभ्यासासाठी राहिले होते, आणि पुढे त्यांनी पतंजलींच्या नावाने एक रचनाही केली. हेच रोलिन्स नंतर मार्सियाकच्या मांडवातही वाजवून गेले. मुंबईतील यात्रेत जगभरचे वादक येत राहिले, भारतीय वादकांना त्यांच्याबरोबर वाजवण्याची संधी मिळाली, आणि नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी राग आणि जॅझ यांच्या भेटीची एक स्वतंत्र वाट धरली. ज्यांनी रंगभवनाच्या उघड्या आकाशाखाली ते कार्यक्रम ऐकले ते आजही त्यांच्याविषयी भारावून बोलतात, आणि त्यांचे भारावणे मी पूर्णपणे खरे मानते.

मात्र रंगभवनात पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे संगीताचे कार्यक्रम बंद झाले, यात्राही कालांतराने थांबली. गोव्यातील चर्चच्या शाळांचा तो जुना जोम तोपर्यंत राहिला नव्हता, आणि चित्रपटसंगीतात विद्युत वाद्ये व यंत्रे आल्यावर मोठ्या वाद्यमेळाची गरजही कमी झाली होती. म्हणजे एका बाजूने वादक तयार होण्याचे ठिकाण आटत होते आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या पोटापाण्याचे. झवेरींनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग या कामाला दिला. त्यांच्या निष्ठेत उणे काढण्याचा अधिकार मला नाही. पण कुडांपासून चालत जाण्याच्या अंतरावर भरणाऱ्या त्या यात्रेला कुडांतल्या मुलांसाठी एखादी शाळा जोडली गेली असती तर काय झाले असते, हा विचार मार्सियाक पाहिल्यावर मला टाळता येत नाही. मुंबईसारख्या शहरात ते कठीण होते हे मान्य करूनही टाळता येत नाही.

मार्सियाकमध्ये सगळे चांगलेच चालले आहे असे चित्र रंगवणे खोटे ठरेल. सहा हजार आसने रोज भरायची तर फार प्रसिद्ध नावे लागतात, आणि अशा नावांत अलीकडे पॉप संगीतातील कलाकार वाढत चालले आहेत. काही रात्री मांडवात जे वाजते त्याला जॅझ म्हणणे मला अवघड जाते. आयोजकांपुढील हिशेब मला समजतो. सरकारी अनुदान आणि प्रायोजकांची मदत यांच्या जोडीला तिकिटांचे उत्पन्न मोठे असल्याशिवाय चौकातील मोफत कार्यक्रम चालणार नाहीत. तरीही ज्या महोत्सवाने श्रोत्यांना अनोळखी संगीताची सवय लावली त्याने त्यांच्यावर थोडा अधिक विश्वास टाकायला हरकत नाही, असे मला तीव्रतेने वाटते. घरांचा प्रश्नही आहे. महोत्सवाच्या दिवसांत खोल्यांना मिळणारे भाडे पाहता वर्षभर राहू इच्छिणाऱ्या तरुण कुटुंबांना घर परवडणे कठीण होते, आणि ज्या शाळेने कुटुंबे आणली त्याच यशाने ती दूर राहण्याची शक्यता निर्माण होते. २०२० मध्ये साथीच्या काळात महोत्सव भरला नाही तेव्हा एका उन्हाळ्यावर संपूर्ण वर्ष टांगून ठेवण्यातील धोकाही सर्वांना दिसला.

या धोक्याला दिलेले उत्तर म्हणून मी ‘लास्त्रादा’ या सभागृहाकडे पाहते. सुमारे ५०० आसनांचे हे कायमस्वरूपी सभागृह २०११ मध्ये सुरू झाले. तेथे वर्षभर कार्यक्रम होतात. मांडवात वादक दूर, मोठ्या पडद्यावर पाहावा लागतो. येथे त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो. मला स्वतःला मार्सियाकचे सर्वोत्तम संगीत या सभागृहात आणि चौकात मिळाले. ज्यांना तेथे जायचे असेल त्यांना मी सांगेन की मांडवाचे एखादेच तिकीट काढा, आणि उरलेला वेळ या दोन ठिकाणी घालवा.

न्यू ऑर्लिन्सचे ट्रंपेटवादक विंटन मार्सालिस १९९१ पासून जवळजवळ दरवर्षी येथे येत आले आहेत. गावाने त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारला आहे, आणि त्यांनी गावाला एक मोठी संगीतरचना अर्पण केली आहे, ‘मार्सियाक स्वीट’. परंपरेविषयी मार्सालिस यांची मते कठोर आहेत. जॅझमध्ये ब्लूज ही कृष्णवर्णीय अमेरिकनांची जुनी गानपद्धती आणि स्विंग हा झोकदार ताल असलेच पाहिजेत असा त्यांचा आग्रह असतो, आणि त्यावर अमेरिकेत बरेच वादही झाले आहेत. मला त्या आग्रहाशी पूर्णपणे सहमत होता येत नाही. पण इतका आग्रही माणूस एका परदेशी शेतकरी गावात वर्षानुवर्षे येतो आणि मुलांना शिकवतो, याचा अर्थ त्याला तेथे आपल्या संगीताची निव्वळ हौस नव्हे तर त्याची निगा राखली जाताना दिसत असावी.

शाळेच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत एमिल पारिझियाँ होता. १९८२ मध्ये काओर येथे जन्मलेला हा मुलगा अकराव्या वर्षी मार्सियाकच्या शाळेत आला आणि सॅक्सोफोन शिकला. गायिका लैला मार्सियाल हीदेखील याच शाळेची. शाळेतून बाहेर पडणारी बहुतेक मुले अर्थातच वादक होत नाहीत, आणि तसे होणे हा शाळेचा हेतूही नाही. पण पारिझियाँ आज सोप्रानो सॅक्सोफोनच्या युरोपातील अग्रगण्य वादकांपैकी एक मानला जातो. त्याचे वादन मार्सालिस यांच्या कल्पनेतील परंपरेपेक्षा पुष्कळच वेगळे आहे. ते अनेकदा अणकुचीदार, कधी जवळजवळ नाटकी असते, आणि स्विंगच्या चौकटीला ते सहज ओलांडून जाते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये या पारिझियाँने आपला वाद्यवृंद मार्सियाकच्या मांडवात उभा केला. पियानोवर जर्मनीचे योआखिम कून होते, अकॉर्डियनवर व्हँसाँ पेरानी, क्लॅरिनेटवर मिशेल पोर्ताल, आणि पाहुणे म्हणून मार्सालिस मंचावर आले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मार्सालिस यांच्या ट्रंपेटमधून न्यू ऑर्लिन्सची जुनी बोली येते, पारिझियाँ तिला आपल्या वेड्यावाकड्या वळणांनी उत्तर देतो, आणि दोघांपैकी कोणीही आपली भाषा सोडत नाही. लसूणवाल्या बाईंना आवडणारे अकॉर्डियनही त्यात आहे. रागसंगीताच्या श्रोत्यांनी ते अवश्य ऐकावे, कारण जुगलबंदीत आपण ज्याची वाट पाहतो, म्हणजे समोरच्याचे बोलणे ऐकून मगच आपला शब्द निवडणे, ते येथे दोन भिन्न पिढ्यांच्या आणि भिन्न मतांच्या वादकांत घडते, आणि त्यातल्या एकाने हे ऐकणे त्या मांडवापासून काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या वर्गात शिकायला सुरुवात केली होती.